गोल घुमटाच्या वाटेवरची म्हैस

विजापूरचा गोल घुमट संध्याकाळी बंद होतो. ही माहिती मला बंद फाटकाबाहेर उभं राहून मिळाली.

सहल होती माझ्या सासूबाईंसाठी. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाई चौथीपर्यंत शिकल्या. घुमटात एकदा हाक मारली की ती सात वेळा ऐकू येते, असं त्यांच्या गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं. पुढे शाळा सुटली, लग्न झालं. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या आमच्या घरात त्या दिवसभर हाका मारायच्या, पण एकीचंही उत्तर यायचं नाही. (आमच्यात ओ द्यायची पद्धतच नाही.) सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "मला काशी नको, रामेश्वर नको. त्या घुमटात एकदा वरडून यायचं हाय."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. शेजारच्या रफिकभाईंची ट्रॅक्स होती. एरवी ती माणसं कोंबून हातकणंगल्यापर्यंत वडाप करायची. ती ठरवली आणि सहलीचा कारभार मी हातात घेतला. आमच्या घरात वेळेचं भान असलेली मी एकटीच आहे, असं माझं तेव्हा मत होतं.

हातकणंगल्याला आमच्या ह्यांनी चहाचं नाव काढलं. मी थर्मास पुढे केला. मिरजेत चाक पंक्चर झालं, तेव्हा मी रफिकभाईंना इतकं बोलले, की ऐकणाऱ्याला वाटावं टायर त्यांनीच दातांनी फाडलाय! कागवाडला आत्याबाईंची मावसबहीण होती, तिला नुसतं तोंड दाखवून येते म्हणाल्या. मी म्हटलं, "येताना." पुढे अथणी मागे टाकली, तेव्हा कुठे चिंचेच्या झाडाखाली डबे सोडायची परवानगी दिली, तीही घड्याळ दाखवून.

आणि समोरच्या वस्तीवर ती उभी होती.

तलवारीसारखी शिंगं पार खांद्यापर्यंत गेलेली. काळीभोर, तुकतुकीत. पोटाखालची दुधाची शीर माझ्या मनगटाएवढी! इथं सांगायला हवं, की आमच्या गोठ्यातली म्हैस तेव्हा आटली होती आणि घरात विकतचं दूध येत होतं. बावड्यात, दावणीला खुंटा असलेल्या घरात, विकतचं दूध! मी ते किटलीवर पदर घेऊन आणायची.

हातातली भाकरी तशीच ठेवून मी उठले. ह्यांनी घुमटाची आठवण करून दिली. मी म्हटलं, पाच मिनिटं.

म्हशीचा मालक बाजेवर बसला होता. सीमेवरचा शांत माणूस, निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलणारा. मी दात बघितले, कास बघितली, रेडकू बघितलं, म्हशीला चालवून बघितलं. तो मान डोलावत होता. मी म्हटलं, धार बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही. हा आमच्याकडचा नियमच आहे, आधी धार आणि मग दर. तो म्हणाला, "बघा की अक्का." धारेची वेळ व्हायला अवकाश होता. थांबलो. आत्याबाई चिंचेखाली बसून एकदा सूर्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या.

वेळ झाल्यावर मी नवी कोरी इरकली खोचून कासांडी घेऊन बसले. लहानपणापासून धारा काढतेय. पण त्या बाईनं (म्हशीनं) परका हात ओळखला आणि पान्हा चोरला. मी गोंजारलं, कोल्हापुरी लाडानं बोलले. तिला कानडी येत असावं. लाथ बसली ती कासांडीला, आणि मी बसले शेणात. मग मालकाची बायको आली, तिनं दोन शब्द पुटपुटले आणि कासांडी फेसानं भरली.

मी शेण झटकत, अगदी व्यवहारी आवाजात विचारलं, "बोला पावणं, काय म्हणताय?"

"कशाचं?"

"म्हशीचं."

"म्हस इकायची न्हाय, अक्का." तो बिचारा ओशाळला. "तुमी एवढ्या हौशीनं बघाय लागलासा. नको कसं म्हनायचं?"

ट्रॅक्समध्ये बसल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "इकायची हाय का, हे इचारलं न्हाईस व्हय?" मी म्हटलं, तुम्ही विचारायचं की. शेणाच्या वासानं सगळ्यांनी खिडक्या उघडल्या.

फाटकाला कुलूप होतं. पहारेकऱ्यानं सकाळी यायला सांगितलं. आयुष्यभर वाट बघून आलेली म्हातारी आणि ते कुलूप, दोन्हीकडे मला एकदम बघवेना. आत्याबाईच म्हणाल्या, "सुमन, घुमट कुठं पळतोय? सकाळच्याला हितंच असंल की." आम्ही लॉजवर मुक्काम केला. तिथंही त्या मला काहीच बोलल्या नाहीत. याची मला जास्त भीती वाटली.

सकाळी फाटक उघडताच त्या आत शिरल्या. तो अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना त्या भिंत धरून चढल्या. मागे धापा टाकत मी. वरच्या सज्ज्यात एका शाळेची सहल आमच्याही आधी पोहोचली होती. गुरुजींनी पोरांना गप्प केलं आणि आजींना पुढे घेतलं. आत्याबाईंनी पदर सारखा केला. डोळे भरून तो घुमट वरपासून खालपर्यंत बघितला. आम्हाला वाटलं, आता देवाचं नाव घेणार.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली, "सुमन, म्हस बघून झाली का गं?"

घुमटानं विचारलं, म्हस बघून झाली का गं. पलीकडच्या भिंतीनं विचारलं. छतानं विचारलं. शाळेची पोरं पोट धरून हसली, रफिकभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि आत्याबाई चौथीतल्या मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या.

सासूनं एकदा विचारलेलं मी ऐकून न ऐकल्यासारखं करू शकते, त्याचा मला पुष्कळ सराव आहे. पण सातव्यांदा विचारल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "झाली!"

तेही मग सात वेळा.