पेल्याला ओठ

बेल्जियमहून सुट्टीवर तंजावूरला येताना मी कोको घालून केलेल्या कडक बिअरची एक बाटली आणली. वडील कधी दारूला शिवले नव्हते, पण मी तिकडे काय पितो ते त्यांना एकदा चाखायचं होतं. कोको म्हणजे काळीकुट्ट असणार, असं ते धरून चालले होते. स्टीलच्या पेल्यांत ओतली तर सोनेरी.

आमच्या घरात पेल्याला कुणी ओठ लावत नाही. पाणी असो की कॉफी, वरून धार सोडायची. लहानपणी मी एकदा वडिलांच्या पेल्याला ओठ लावले, तेव्हा त्यांनी तो माझ्याकडूनच चिंचेनं घासून घेतला होता.

बिअरचीही त्यांनी धारच सोडली. फेस नाकात गेला, सदरा भिजला.

"नुसतं कडू! कोको कुठंय?" ते खेकसले.

"वासात आहे, अप्पा. पेला ओठांशी नेल्याशिवाय कसा कळेल?" मीही चिडलो आणि माझ्या पेल्यातून एक घोट घेऊन दाखवला.

त्यांनी माझाच पेला ओढून घेतला, त्याला ओठ लावले आणि डोळे मिटले.

"आहे," ते म्हणाले.

पेला काही त्यांनी परत दिला नाही.