पुतणीची टर्बो गाडी आणि माझे मिटलेले डोळे

मंडळी, आज सकाळी हिंगणीच्या रस्त्यावर माझ्या हातून प्रमाद घडला.

पुतणी ऋचानं स्वतः टर्बो गाडीचा एक्झॉस्ट, म्हणजे धुराची नळी, रुंद केली; बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, वाढवला. मला शेजारी बसवून माझ्या मांडीवर इंजिनाला जोडलेला लॅपटॉप ठेवत म्हणाली, "काका, तापमानाचा आकडा लाल झाला की ओरडजा. नाई तं इंजिन जाईन."

तिनं ॲक्सिलरेटर दाबला. आधी शिट्टी, मग मेघगर्जना. संस्कृतात वायूची स्तुती जन्मभर केली. त्याचं बळ आज पाठीला कळलं!

"लाल झाला का?"

"पाह्यलंच नाई, बाई. डोळे मिटले होते."

ती हसली. थांबून इंजिनाचा कानोसा घेतला. "ठीक आहे. पुन्हा जाऊ. आता उघडे ठेवजा."

ठेवले. आकडा शेवटपर्यंत हिरवाच राहिला. उतरल्यावर मी पुतणीला वाकून नमस्कार केला.

तुम्ही घरच्या लहानांपुढे कधी वाकलात?