आईचे फेरे आणि माझ्या कळा

माझी लेक आता शाळेत जाते, पण तिच्या जन्माच्या दिवशीची ती सिस्टर अजून डोळ्यांसमोर आहे. विजय नगरच्या छोट्याशा दवाखान्यात ती जवळच्या पनागरहून रोज बसने यायची. नाव विचारायचं राहूनच गेलं. एक हात माझ्या पोटावर ठेवून ती घड्याळाकडे बघत कळा मोजायची.

दुपारी कळा मंदावल्या. आई दारातून डोकावली. "काहून थांबून राहिल्या तुम्ही? कळा वाढवायचं सलाईन लावून द्या ना!"

सिस्टरला मराठी समजायची, बोलायची मात्र ती हिंदी. "पहली बार है, माताजी. शरीर अभी सीख रहा है. थोड़ा टाइम दो."

आई गेली आणि परत आली. परत गेली, परत आली. शेवटी सिस्टर शांतपणे म्हणाली, "माताजी, बेटी के दर्द दस मिनट में आ रहे हैं, आप पाँच में."

मी कळ विसरून हसले.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी तपासलं. पुढे काहीच सरकलं नव्हतं. "आता लावा," त्या म्हणाल्या. मला वाटलं, सिस्टर हिरमुसेल. पण तिनेच लगबगीने सलाईन टांगलं, थेंब अगदी हळू सोडले आणि हात पुन्हा पोटावर ठेवला. दिवसभर ती थांबली होती, पण तो हात कधी रिकामा नव्हता.

तासाभराने माझं ओरडणं ऐकून आई धावत आली आणि दारातच थबकली. सिस्टरने घड्याळावरून नजर उचलली.

"आइए माताजी! अब बेटी आपसे आगे निकल गई."