घडीच्या आतला रंग

दुकानदाराने कापडाची पट्टी हातात दिली की शेजारची ही पोरगी सरळ बाहेर फुटपाथवर जायची आणि पट्टी उन्हात धरायची. "ट्यूबलाइटवर माझा विश्वास नाही, काकू," म्हणायची. तसं आपण सगळ्याच बायका करतो. पण आपल्याला साडी जुळवायची असते; तिला माकड.

भांडुपला आमच्या समोरच्या दारात ती आणि तिची आई राहत. ती माकडांचा अभ्यास करायची, वर्षातले निम्मे महिने ईशान्येकडच्या जंगलात. जाताना मुलुंडच्या मॅचिंग सेंटरमधून ब्लाऊजपिसांच्या पट्ट्या न्यायची, माकडांचे रंग ताडून बघायला. फोटोतला रंग फसवतो म्हणे. नुसतं "तपकिरी" म्हटलेलं तिला चालायचं नाही. कुठला तपकिरी, हे ती माझ्या चहाबद्दलही विचारायची.

फोटोवर विसंबायचं नाही हा नियम तिने एकदाच मोडला. जंगलात तिला तांबूस छातीचं माकड दिसलं. त्याच्या सगळ्यात जवळच्या जातीचं एकच जुनं कातडं दूरच्या एका संग्रहालयात होतं. त्यांनी फोटो पाठवला, त्यात छाती वाळक्या गवतासारखी फिकट. म्हणजे हिचं माकड नवं! तिने शोधनिबंध लिहून पाठवलाही. नव्या जातीला आईचं नाव द्यायचं ठरलं. अकोल्याकडून आलेली ही बाई जन्मभर लोकांकडे पोळ्या लाटत होती. तिने ही बातमी अख्ख्या बिल्डिंगला सांगितली, दूधवाल्यालासुद्धा.

त्याच सुमारास माझ्या जुन्या साडीला ब्लाऊज हवा होता, म्हणून मी पोरीला मुलुंडला घेऊन गेले. दुकानदाराने साडी उलगडली आणि विचारलं, "मॅच कशाला करू? घडीच्या वरच्या रंगाला की आतल्या?" कपाटाच्या काचेतून ऊन लागून वरची घडी पार विटली होती. मी "आतल्या" म्हटलं. ती मात्र साडी फुटपाथवर नेऊन वरची आणि आतली घडी उन्हात पुन्हा पुन्हा ताडून बघत राहिली.

दोनच दिवसांनी ती पट्ट्या घेऊन त्या संग्रहालयात गेली. कातडं वर्षानुवर्षं काचेच्या कपाटात उजेडात टांगलेलं. परवानगी काढून तिने काखेतली घडी उचलून पाहिली. जिथे उजेड पोचला नव्हता, तिथले केस तांबूस होते. जंगलातल्या माकडाशी जुळलेली पट्टी लावली, तर तंतोतंत तोच रंग. माकड नवं नव्हतंच.

हे तपासायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. परत आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. म्हणाली, "वाट लागली, काकू. निबंध मी परत घेतेय. पण आईला काय सांगू?" मला तिची फार माया आली. दोघी मिळून समोरच्या घरात गेलो.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याले आधीचं नाव आहे ना?"

"आहे."

"मग ते पुसून माहं कायले लिहितं?"

तेव्हा कुठे ती आईच्या मांडीत डोकं खुपसून रडली.

आता ती ईशान्येकडेच नोकरीला असते, दिवाळीला चार दिवस येते. आईने त्या माकडाचा मोठा फोटो दाराशी लावलाय. कोणी पाहुणा आला की त्याला चप्पलसुद्धा काढू न देता थांबवते आणि छाती पुढे काढून सांगते, "हे नवं नाही बरं का. माह्या पोरीनं शोधून काढलं."