डोक्यावरचा हात

देवावर माझा विश्वास होता, पण तो भीतीचा होता. चुकलास की शिक्षा, एवढंच मला देवाबद्दल ठाऊक होतं. आणि माझी चूक लहान नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. गावातली रोगराई, वाईट सगळं घेऊन जा, असं ओरडत लोक तो मोठा पुतळा मिरवतात आणि शेवटी जाळतात. त्या दिवशी मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की मारबतीबरोबर माझी दारूही गेली. शपथ घ्यायला मी कधी मागे हटलो नव्हतो. देवासमोर घेतली होती, आईच्या फोटोसमोर घेतली होती, एकदा तर बुटीबोरीच्या कारखान्यात साहेबासमोरही घेतली होती. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून मात्र पहिल्यांदाच. ती आठ दिवस टिकली.

मोडली त्याच आठवड्यात पोरीला ताप भरला. डेंग्यू निघाला. प्लेटलेट उतरताहेत असं म्हणून डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. हा आजार डासांमुळे होतो हे मला कळत नव्हतं असं नाही, आमच्या गल्लीत आणखी चार घरी हाच ताप होता. पण चोराच्या मनात चांदणं. माझी मोडलेली शपथच तिच्या अंगात शिरली आहे, असं वाटून मी खाटेपासून लांब उभा राहायचो. बायकोला हे सांगायची हिंमत नव्हती. शनिवारी दुपारी ताप बघायला म्हणून मी पोरीच्या कपाळाकडे हात नेला, तर तिने मान वळवली.

"बाबा, शपथ नका घेऊ," ती म्हणाली.

बायको खिडकीबाहेर बघत राहिली. मी पाणी आणतो असं सांगून बाहेर पडलो. कुठे निघालो होतो ते लिहायला आजही लाज वाटते. दारूच्या दुकानाकडेच. सकाळपासून घेतली नव्हती, अंगाला घाम सुटला होता आणि हात थरथरत होते. दुकानाच्या थोडं अलीकडे मारुतीचं देऊळ लागतं. वाटलं, आधी देवाकडून शपथ सोडवून घ्यावी. लहानपणी खेळताना 'शपथ सुटली' म्हणायचो ना, तसं काहीतरी. जी शिक्षा द्यायची ती मला दे, तिला सोड, एवढंच मागायचं होतं. दारात एक म्हातारी बाई रुईच्या पानांच्या माळा विकत बसली होती. मी माळ घेतली, ती हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. बाईने ती स्वतःजवळ ठेवून घेतली आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली.

"देव कुठं पळून जात नाही गा," ती म्हणाली. "आधी माहं एक काम कर. हा चहाचा थर्मास मागच्या शाळेत नेऊन दे. दर शनिवारी मीच नेते, आज गुडघा भल्ला दुखून राहिला."

देवळाच्या दारात म्हातारीला नाही कसं म्हणणार? दोन्ही हातांनी थर्मास छातीशी धरून मी गेलो. शाळेच्या एका वर्गात दहा-बारा मोठी माणसं मुलांच्या बाकांवर अवघडून बसली होती. एक जण उभा राहून सांगत होता, की मी दारुडा आहे आणि माझ्या मुलाच्या बारशाला मी शुद्धीवर नव्हतो. कोणी हसलं नाही. मग मला कळलं मी कुठे आलोय, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये, आणि पाचावर धारण बसली. पळावंसं वाटलं, पण थर्मास खाली ठेवताना त्याचं झाकण असं खडखडलं की सगळ्यांनी वळून पाहिलं. एका वयस्कर गृहस्थांनी सरकून जागा दिली. माझं नावसुद्धा विचारलं नाही. मी बसलो खरा, पण आता हे लोक पुन्हा शपथ घ्यायला लावणार अशी भीती होती. शेवटी त्या गृहस्थांनाच हळूच विचारलं, इथे कोणाची शपथ घ्यावी लागते?

"इथं शपथ नसते, भाऊ. सगळे शपथा मोडूनच आलो आहोत. आज प्यायची नाही, बस. उद्याचं उद्या पाहू. अन हात असे कापून राहिले, तर आधी डॉक्टरले दाखव."

मी त्या लहानशा बाकावर बसून खूप रडलो. मीटिंग संपल्यावर ते गृहस्थ मला दवाखान्यापर्यंत सोडायला आले, दुकान लागणार नाही अशा लांबच्या रस्त्याने. डॉक्टरांना मी पहिल्यांदा खरं सांगितलं आणि माझ्यावरही उपचार सुरू झाले. तिसऱ्या दिवशी पोरीच्या प्लेटलेट चढू लागल्या. ती डॉक्टरांच्या हातून बरी झाली, मी त्यात देवाचा चमत्कार शोधत नाही.

पण पुढच्या शनिवारी त्या बाईला विचारल्याशिवाय राहवलं नाही, की एवढ्या गर्दीत थर्मास माझ्याच हातात काहून दिला.

"माह्या नवऱ्याच्या हातूनही माळ अशीच पडे," ती म्हणाली. "तवा मले ही शाळा माहीत नव्हती."

तेव्हापासून थर्मास मीच नेतो. भीती गेली असं म्हणणार नाही, दुकान चुकवायला आजही लांबच्या रस्त्याने जातो. पूर्वी मी देवाला आयुष्यभराची वचनं द्यायचो आणि ती आपल्याच जोरावर पाळायला बघायचो. आता रोज सकाळी एवढंच सांगतो, की माझ्याने होत नाही, आजचा दिवस तू सांभाळ.

परवा पोरीचं डोकं दुखत होतं. मी जवळ बसलो होतो, पण हात मांडीवरच ठेवले होते. तिने माझा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले.  ती झोपेपर्यंत मी हात तसाच राहू दिला.