रेणूचा अकरावा नंबर

रेणू अकोल्याच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये अकरावी आली आणि मेडशीच्या एसटी स्टँडवर जो तो डॉक्टर झाला. कुणी म्हणे पोरीचे गुडघे गेले, कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे आता वय झालं. वय बावीस. माझं चहा-पोह्यांचं दुकान स्टँडला लागूनच आहे, त्यामुळे हे सगळं निदान मला फुकटात ऐकावं लागलं. ज्यांना स्टँडपासून घरापर्यंत जायला मोटारसायकल लागते, ते रेणूच्या पायांवर बोलत होते.

रेणू म्हणजे पलीकडच्या तांड्यातल्या फुलसिंगची थोरली. सकाळी मी दुकान उघडायच्या वेळी ती मालेगावच्या रस्त्याने पळत जायची आणि शाळेची पोरं एसटीला जमायच्या सुमारास परत यायची. "काकू, पाणी," एवढंच बोलायची. राज्याची स्पर्धा तिने जिंकली होती आणि महिन्याभरावर राष्ट्रीय मॅरेथॉन आली होती. तिथे पहिल्या सहांत आली तर सरावाच्या शिबिरात जागा, राहणं-खाणं तिकडेच. नाही आली तर वैशाखात लग्न. कामरगावकडचं स्थळ ठरल्यातच जमा होतं. त्या घरचे सगळे ऊसतोडीला जाणारे, म्हणजे दिवाळी झाली की रेणूच्या हातात कोयता. राष्ट्रीय शर्यत होईपर्यंत थांबतो, असा शब्द फुलसिंगने तिला दिला होता. त्या शब्दावर पोरगी वर्षभर पळत होती.

तिला शिकवायचे मालेगावचे इंद्रभान सर. शाळेतून निवृत्त झालेले, तोंडाने फटकळ. अकोल्याची शर्यत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते फुलसिंगला माझ्या दुकानात घेऊन बसले.

"फुलसिंग, अकोल्याले ती जिंकाले गेलीच नव्हती," सर म्हणाले. "मीच सांगतलं होतं, अंग राखून पळ. त्याच्या आंधी आठवडाभर तिच्याकडून पुरा सराव करून घेतला, आराम देला नाही. थकल्या पायानं गेली, तरी शेवटचा टप्पा सगळ्यात जोरात पळली. अन् पळून आल्यावर हसत होती. मले तेच पाह्यचं होतं. पोरगी तयार हाय. आता मोठ्या शर्यतीपावतर तिले फक्त जपाचं."

"हसत होती, तेच तं मले खटकलं," फुलसिंग म्हणाला.

इथे फुलसिंगचं सांगायला हवं. तो शंकरपटातला नावाजलेला धुरकरी. बैलांच्या शर्यतीत छकड्यावर बसून जोडी हाकावी ती त्यानेच, असं आमच्याकडे मानतात. पटात जोडी सुटली की डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल. मागे राहूनही जी जोडी धापा टाकत नाही ती अंगचोर, आणि तिचा भाव त्याच संध्याकाळी उतरतो. पळणं म्हटलं की एवढंच त्याला ठाऊक. थकवून पळवतात, राखून पळवतात, मुद्दाम मागे ठेवून जोखतात, हे त्याच्या डोक्यात शिरणार कुठून? सरांनी दोन वेळा चहा पाजून समजावलं. तो मान हलवत राहिला आणि उठून गेला.

बाजारच्या दिवशी लोकांनी उरलंसुरलं केलं. "फुलसिंग, तुह्या पोरीले उतार लागला वाट्टे," असं त्याला भर बाजारात ऐकवलं. कामरगावहून फोन आला की पळणं संपलंच असेल तर थांबायचं कायले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पटात हरायची सवय नसलेला माणूस तो, त्याला हे सोसवेना.

त्याच रविवारी मालेगावात कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची शर्यत होती. फुलसिंगने रेणूचं नाव देऊन टाकलं. इंद्रभान सर तांड्यावर जाऊन भांडून आले, पण उपयोग झाला नाही. रविवारी सकाळी बापलेक माझ्या दुकानासमोर जीपची वाट पाहत उभे होते.

"बाबा, पाय जड हायत. पोटरी ओढून राह्यली," रेणू म्हणाली. "सर नाही म्हणतात."

"तुहे सर येतात काय बाजारात लोकायचं आयकाले? आज पहिली ये, मंग मी सगळ्यायचे तोंडं बंद करतो. नाही तं कामरगाववाल्याले आजच हो म्हणतो."

रेणू जीपमध्ये बसली.

पहिली आली. दुसरी पोरगी दिसतही नव्हती म्हणे. दुपारी स्टँडवर डफडं वाजलं, गुलाल उधळला, अकोल्याचं निदान करणारे सगळे डॉक्टर नाचायला पुढे. फुलसिंग तर असा नाचला की पागोटं सुटलं. रेणू मधोमध उभी होती, सगळा भार डाव्या पायावर. मला त्या गुलालाचा इतका संताप आला की मी दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं. इंद्रभान सर रस्त्यापलीकडे उभे होते. ते आलेच नाहीत.

राष्ट्रीय शर्यतीत निम्म्याहून अधिक अंतर ती सगळ्यात पुढच्या पोरींबरोबर होती. मग पोटरी फाटल्यासारखी झाली. उरलेलं ती चालत, लंगडत गेली आणि शेवटून तिसरी आली. स्टँडवर लोक म्हणाले, "अकोल्यालेच समजलं होतं." मालेगावचं नाव कुणी काढलं नाही. फुलसिंगही तेच म्हणाला, आणि त्याने कामरगावला फोन लावला.

रेणू परत आली तेव्हा एसटीतून उतरताना तिला पाय टेकवत नव्हता. मी दुकान बंद केलं, तिची बॅग घेतली आणि तिच्याबरोबर तांड्यावर गेले. अंगणात फुलसिंग बैलाच्या पायांना तेल चोळत होता. शेजारचा जगदेव तुरीची पोती बाजारात न्यायला जोडी मागत उभा होता.

"नाही देत, जगदेव," फुलसिंग म्हणाला. "आठ दिवसानं पट हाय. पटाच्या आंधी कोणी जोडी जुंपते काय? पायातलं सारं तिथीच निघून जाते."

जगदेव निघाला. रेणू फाटकाशीच थांबली होती. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"मंग मले काहून जुंपलं, बाबा?"

फुलसिंगचा हात थांबला.

"बैलाले बोलता येत नाही ना," तो म्हणाला. "त्याचं आपल्यालेच पाहा लागते."

"मी तं बोलली होती," रेणू म्हणाली, आणि भिंतीला धरून आत गेली.