तेल मी ओतलं होतं

आक्का गेल्याचं कार्ड सांगलीला माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी एका लॉरीखाली उताणा पडून काम करत होतो. कोपरा फाडलेलं कार्ड. गॅरेजच्या मालकांनी ते खाली सरकवलं आणि निघून गेले. हात काळे होते म्हणून आधी ते पुसले, मग वाचलं. आषाढात ताप आला आणि पाच दिवसांत माझी थोरली बहीण संपली. मी रहिमतपूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेराव्याच्या पंगती उठल्यावर तिचे दीर पाहुण्यांना सांगत होते, वहिनी मायाळू होती, पण मोटारीत चुकीचं तेल घालून तिनंच माझा भाऊ घालवला. मी हातभर अंतरावर बसलो होतो आणि तेव्हाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून आज, पाच आठवड्यांनी, हे लिहायला बसलोय.

आमचे वडील कोरेगावच्या बाजूला गुळव्या होते, म्हणजे गुऱ्हाळात रस आटत आला की गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. सगळं काम बोटांचं. आक्का त्यांच्याशेजारी बसून ते शिकली, मी पुस्तक घेऊन सावलीत बसलो. लग्न होऊन ती रहिमतपूरला गेली. दाजींकडे वीसेक वर्षांची जुनी अमेरिकन मोटार होती, कापडी टपाची. वऱ्हाड, आजारी माणसं, कोर्टाच्या तारखांना निघालेली मंडळी, सगळ्यांना ती वाहायची. चालवायला दाजी, पण इंजिनात कुठलं तेल घालायचं ते आक्का ठरवायची. पळीभर तेल चुलीवर तापवायचं, त्याचा थेंब अंगठ्यात आणि बोटात धरायचा आणि हळूच बोटं फाकायची. तिच्या लेखी तेलाच्या तीनच जाती होत्या : रस, काकवी आणि गूळ. थंडीत पातळ तेल चालून जायचं, उन्हाळ्यात त्या झिजलेल्या इंजिनाला काकवीच लागायची. तापवतेस कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "गार त्याल समदंच दाट दिसतंय. इंजनात ते गार ऱ्हातंय व्हय?" मी पुण्याला मोटारदुरुस्ती शिकून आलेला शहाणा. डब्यावर तीस, चाळीस असा जाडीचा नंबर छापलेला असतो, तो वाचता आला की झालं, असं माझं मत. मी तिला इंजिनीअरबाई म्हणून चिडवायचो आणि ती मनापासून हसायची.

महायुद्धाच्या दिवसांत चांगलं तेल दिसेनासं झालं. एका उन्हाळ्यात मी खूप खटपटी करून चाळीस नंबरचा सीलबंद डबा मिळवला आणि मोठ्या ऐटीत रहिमतपूरला घेऊन गेलो. दुसऱ्याच सकाळी दाजींच्या पोटात उजव्या बाजूला कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आजच्या आज मिरजेला न्या. मिरजेकडे जाणारी आगगाडी नुकतीच गेली होती. मोटार मी चालवणार होतो, आणि इंजिनातलं तेल तळाला गेलं होतं. तशाही घाईत आक्का नवऱ्याजवळून उठली, नव्या डब्यातलं तेल तिनं पळीत तापवलं आणि बोटं फाकली.

"किसन, ह्यो निस्ता रस हाय," ती म्हणाली. "डब्यावर काय बी लिवलेलं असू दे. फळीवर जुनं त्याल हाय, ते घाल."

फळीवरचा डबा दोन वर्षं उघडा पडलेला. त्यात कचरा असणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर एवढंच वाटलं नाही... माझा डबा तिनं नापास केला याचा राग आला. मी म्हणालो, "तू गूळ कर. मोटारीतलं मला कळतं." ती दाजींना उठवायला आत गेली. मी माझा डबा इंजिनात रिकामा केला.

विटा मागे पडलं, ऊन चढलं आणि इंजिन खडखडायला लागलं. तासगाव चार कोसांवर असताना एक आचका बसला आणि मोटार जागीच थांबली, ती थांबलीच. बैलगाडी मिळेपर्यंत आक्का दाजींचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती. मला ती एका शब्दानं बोलली नाही. तासगावपासून एक लॉरी मिळाली. मिरजेला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आत फुटलंय, डॉक्टर म्हणाले, दुपारी आला असतात तर... तिसऱ्या दिवशी दाजी गेले. पुढं मी इंजिन उघडलं. बेरिंगचा धातू मेणासारखा वितळून तळाशी जमला होता. कुणीतरी त्या डब्यात वापरलेलं पातळ तेल भरून कथलाचा डाग देऊन तोंड पुन्हा बंद केलं होतं.

दहाव्याला दिरांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेल कुणी घातलं? मी तोंड उघडायच्या आत आतून आक्काचा आवाज आला, "म्या घातलं. किसन नगं म्हनत हुता." आणि मी गप्प बसलो. आधी भीतीनं. पुढं लाज वाटायची, आणि मग गप्प बसायची सवयच झाली. त्या घरात देवाच्या दिव्यात तेल घालायचं कामसुद्धा तिच्याकडं राहिलं नाही. मी विषय काढला की ती म्हशीचं, शेताचं बोलायला लागायची.

गेल्या रविवारी रहिमतपूरला जाऊन दिरांना सगळं सांगितलं. ते खाली मान घालून उठून गेले. आक्काच्या सासूबाई जोत्यावर सुपात ज्वारी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय. तू डबा वतताना म्या दारातच हुते."

मग इतकी वर्षं लोकांना बोलू का दिलंत, असं मी विचारलं.

"तिनंच पाय धरलं माजं. म्हनली, आत्याबाई, कुकू गेलं, आता भाऊ तेवडा ऱ्हायलाय. त्यो बी तुटंल."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग त्यांनी विचारलं, भाकरी खाऊन जाणार न्हवं? दर भाऊबीजेला आक्का हेच विचारायची, आणि गाडी चुकेल असं सांगून मी न जेवता निघायचो. त्या दिवशी मी जेवलो.